वाईट दिवसाच्या मापाने बेतलेली सवय

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर गेलात, तर चालणाऱ्यांच्या गर्दीत नवे कोरे बूट घातलेली माणसे लगेच ओळखू येतात. त्यांची चाल तरतरीत असते आणि पहिल्याच दिवशी तलावाला पूर्ण फेरी मारण्याचा निश्चय चेहऱ्यावर दिसतो. अंबाबाईच्या मंदिरात ३१ जानेवारीला किरणोत्सव सुरू होईपर्यंत यांतली बहुतेक मंडळी दिसेनाशी झालेली असतात आणि उरतात ती नेहमीचीच, झिजलेले बूट घातलेली, गप्पा मारत रमतगमत चालणारी माणसे. मी सलग तीन वर्षे नव्या बुटांच्या गटात होतो आणि तिन्ही वर्षी मी माझ्या आळसाला दोष दिला. खरी चूक कुठे होती हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले. सुट्टी आहे, झोप पुरी झालेली आहे, पाऊस नाही, घरात कोणी आजारी नाही, अशा १ जानेवारीच्या सकाळी मी रोज पाच किलोमीटर चालण्याचे ठरवले आणि तेच माप वर्षाच्या सगळ्या दिवसांना लावू पाहिले.

सुती कापड धुतल्यावर आटते हे ठाऊक असल्यामुळे जाणता शिंपी ते आधी भिजवून घेतो आणि मगच कात्री लावतो. आपला दिवसही असाच आटतो. पाहुणे येतात, कामाची पाळी बदलते, मुलाला ताप येतो, आणि सकाळी तासाभराचा दिसणारा मोकळा वेळ रात्रीपर्यंत दहा मिनिटांवर येतो. म्हणून जी सवय वर्षानुवर्षे टिकावी असे वाटते, ती आपल्या वाईट दिवसाच्या मापाने बेतावी, तिला रोज घडणाऱ्या एखाद्या ठरलेल्या घटनेशी बांधावे, आणि वाढ नंतर सावकाश करावी. पुढे जी पद्धत मांडली आहे ती या क्रमानेच अमलात आणावी, कारण क्रम उलटला की नव्या बुटांची गोष्ट पुन्हा घडते.

पहिली पायरी : काम असे निवडा की त्याला ‘झाले’ म्हणता येईल

इंग्रजी सुधारणे, वजन कमी करणे, धंदा वाढवणे ही सगळी फळे आहेत. त्यांना रोजचे काम म्हणता येत नाही. रात्री झोपताना ज्याच्याबद्दल ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ एवढेच उत्तर देता येते, ते काम. घरी कांदा-लसूण मसाला करून विकणाऱ्या बाईंनी ‘गिऱ्हाईक वाढवायचे’ असे ठरवले तर रात्री त्याचा हिशेब लागत नाही. ‘रोज दुपारी एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून मागचा मसाला कसा वाटला ते विचारायचे’ असे ठरवले तर लागतो.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे, कारण चुकीचे कामही रोज न चुकता करता येते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी कित्येक मुले रोज दोन तास टिपणे सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून काढतात आणि अभ्यास झाल्याचे समाधान मानतात. नुसत्या पुनर्वाचनापेक्षा पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेतल्याने शिकलेले जास्त काळ लक्षात राहते, हे स्मरणशक्तीवरील अनेक प्रयोगांतून दिसून आलेले आहे. त्या मुलांनी रोज जुन्या प्रश्नपत्रिकेतील पाचच प्रश्न सोडवून, जे चुकले ते का चुकले हे एका ओळीत लिहिले, तर तो वेळ अधिक सत्कारणी लागेल. काम निवडताना स्वतःला विचारावे: हे मी तीनशे दिवस केले, तर मला हवे असलेले फळ येण्याची खरोखर शक्यता आहे का? उत्तर देताना अडखळायला झाले, तर काम बदलावे.

आणि काम एकच निवडावे. व्यायाम, वाचन, बचत आणि लवकर उठणे हे चारही एकाच सोमवारी सुरू करणाऱ्याचे चारही एकाच शुक्रवारी बंद पडतात.

दुसरी पायरी : माप घ्या, तेही वाईट दिवसाचे

कागद घ्या आणि गेल्या तीन महिन्यांतले आपले सर्वांत वाईट तीन दिवस आठवून लिहा. एखाद्याचा दिवस दवाखान्याच्या बाकावर गेलेला असतो, एखाद्याचा शिरोलीच्या फौंड्रीत सलग दोन पाळ्या करण्यात, एखाद्या बाईंचा घरच्या लग्नात, जिथे पहाटे चारपासून मध्यरात्रीपर्यंत पाठ टेकलेली नसते. आता त्या प्रत्येक दिवसापुढे लिहा, की निवडलेल्या कामाचा किती भाग त्याही दिवशी, कुरकुर न करता, करता आला असता. तिघांतला जो आकडा सर्वांत लहान, ते तुमचे माप. बहुतेकांचे ते दोन ते दहा मिनिटांच्या दरम्यान येते: पुस्तकाची दोन पाने, दहा बैठका, पाच प्रश्न, हिशेबाच्या वहीतील एक ओळ.

हे माप पाहून पहिली प्रतिक्रिया नेहमी सारखीच असते: एवढ्याने काय होणार? रोजची दहा मिनिटे म्हणजे वर्षाला साठ तासांहून अधिक, आणि रोजची पाच पाने म्हणजे वर्षाला १,८२५ पाने, हे उत्तर देता येते आणि ते खोटेही नाही. रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षअखेर माणूस सुमारे सदतीस पट होतो, हे गणित मात्र मला कधी पटलेले नाही. १.०१ चा ३६५ वा घात ३७.८ च्या आसपास येतो हे खरे, परंतु पोहणे, गाणे किंवा हिशेब ठेवणे ही कौशल्ये चक्रवाढ व्याजाने वाढत नाहीत. ती काही आठवडे वाढतात, मग महिनोन्‌महिने एका जागी थांबतात, आणि या थांबण्याच्या काळातच व्याजाच्या आशेवर आलेला माणूस सोडून जातो.

लहान मापाचा खरा उपयोग निराळा आहे. एसटी फलाटाला लागताच आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. रुमाल म्हणजे काही प्रवास नव्हे, परंतु तो नसला तर पुढचा प्रवास उभ्याने करावा लागतो. वाईट दिवशी वाचलेली दोन पाने म्हणजे तो रुमाल होय. त्या दिवसात वाचनाची जागा राखली जाते आणि दुसऱ्या दिवशी वेळ मिळाला तर तिथे ऐसपैस बसता येते.

कोल्हापूरच्या तालमींना हे शास्त्र आपण समजावून सांगण्याची गरज नाही. गंगावेश, मोतीबाग किंवा शाहूपुरी तालमीत नव्याने आलेल्या पोराला जाणता वस्ताद पहिल्या दिवशी शेकड्यांनी जोर मारायला लावत नाही. आखाडा उकरणे, माती सारखी करणे, थोडे जोर, थोड्या बैठका, आणि मोठ्या पैलवानांची मेहनत बघत बसणे, एवढ्यावर त्याचे सुरुवातीचे दिवस जातात. ज्याने पहिल्याच दिवशी अंग मोडेपर्यंत मेहनत केली, त्याला दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही आणि तिसऱ्या दिवशी तो तालमीकडे फिरकत नाही. यातून घेण्यासारखा नियम असा, की पहिल्या महिन्यात मापाच्या खाली जसे जायचे नाही, तसेच उत्साहाच्या भरात मापाच्या दुपटीच्या वरही जायचे नाही. हा दुसरा भाग पाळणे पहिल्यापेक्षा अवघड जाते, असा माझा अनुभव आहे.

तिसरी पायरी : खूण ठरवा

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. त्यासाठी कोणी बैठक बोलावत नाही किंवा आज उघडावा की उद्या याचा विचार करत नाही. सवय टिकवायची असेल तर आपल्या कामालाही असाच दरवाजा बसवावा लागतो. रोज सकाळी ‘आज करू का?’ असा प्रश्न स्वतःला विचारणाऱ्या माणसाला वर्षातून शंभर वेळा तरी ‘आज नको’ असे उत्तर मिळते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात या विषयावर जे संशोधन केले त्याचा गाभा असा, की ‘मी व्यायाम करीन’ असा नुसता संकल्प सोडणाऱ्यापेक्षा ‘अमुक घडले की मी अमुक ठिकाणी अमुक करीन’ असे आधीच बांधून ठेवणारी माणसे आपला संकल्प अधिक प्रमाणात तडीस नेतात. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना दिवसभर आपापल्या कृतींची नोंद ठेवायला सांगितली, तेव्हा नोंदवलेल्या कृतींपैकी सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज आणि त्याच त्या परिस्थितीत घडत असल्याचे आढळले. दिवसाचा एवढा मोठा भाग अगोदरच खुणांवर चालत असेल, तर नव्या कामाला नवी खूण शोधण्यापेक्षा जुन्याच एखाद्या खुणेला ते जोडणे सोपे.

खूण निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. ती रविवारीही घडते का? ती नेमकी केव्हा संपते हे सांगता येते का? आणि ती घडते त्या जागेपासून काम चार पावलांवर आहे का? ‘चहा झाल्यावर’ ही खूण वरवर चांगली वाटते, परंतु आपल्याकडे चहा दिवसातून कितीदा होतो याला मोजदाद नाही, त्यामुळे ती निसरडी ठरते. ‘सकाळचा पहिला चहा पिऊन कप विसळून पालथा घातल्यावर’ ही पक्की खूण, कारण पालथा कप डोळ्यांना दिसतो. ‘रात्री निवांत झाल्यावर’ ही तर खूणच नव्हे. निवांतपणा येण्याची वाट पाहत डोळा लागतो.

पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना घड्याळाची वेळ ठरवायला सांगणे निरर्थक आहे, कारण या आठवड्यात सकाळी सहाला जो कारखान्याच्या फाटकात शिरतो, तोच पुढच्या आठवड्यात सकाळी सहाला झोपायच्या तयारीत असतो. माझ्या ओळखीच्या एका यंत्रचालकाने यंत्रभागांचे ड्रॉइंग वाचायला शिकायचे मनावर घेतले, तेव्हा त्याने वेळेऐवजी ‘घरी येऊन जेवणाचा डबा घासून ठेवल्यावर’ ही खूण धरली. पाळी पहिली असो, दुसरी असो की रात्रपाळी, डबा घासला जातोच. डबा पालथा घातला की त्याच ओट्याशेजारच्या फळीवरून तो ड्रॉइंगची एक प्रत उतरवत असे आणि त्यातली तीन मापे स्वतः काढून पाहत असे.

पतसंस्थांची पिग्मी, म्हणजे रोज दारात येऊन गोळा केली जाणारी लहान बचत, हे याच तत्त्वाचे चालते-बोलते उदाहरण. उडुपीत स्थापन झालेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये रोज दोन आणे इतक्या लहान रकमेपासून ही योजना सुरू केली आणि आज आपल्याकडे भाजीवालीपासून सराफापर्यंत अनेकांच्या बचतीचा तोच आधार आहे. दुकानदार रोज ‘आज बचत करावी का’ असा विचार करत नाही. पिग्मीवाला दारात उभा राहतो, गल्ला उघडतो, पन्नास रुपये बाहेर पडतात, आणि वर्षाअखेरीस व्याज सोडूनही १८,२५० रुपये जमलेले असतात. पिग्मीवाला ही खूण आहे, आणि तिचा विशेष असा की ती दुसऱ्याच्या पायांनी चालत येते. ज्यांना स्वतःची खूण पाळणे जमत नाही त्यांनी असा माणूस शोधावा: सोबत चालणारा शेजारी, रोज पाच प्रश्नांची उत्तरे ताडून पाहणारा मित्र, किंवा ‘आज्जी, गोष्ट’ म्हणत येणारे नातवंड.

ठरलेली खूण आणि काम एका वाक्यात लिहून काढावे. उदाहरणार्थ: ‘सकाळचा पहिला कप पालथा घातला की मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दोन पाने वाचीन.’ वाक्यात खूण, जागा आणि माप ही तिन्ही आली आहेत का, ते तपासावे.

चौथी पायरी : आदल्या रात्रीची मांडामांड

हिच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, परंतु ती टाळली तर बाकीच्या पायऱ्या डळमळतात. पुस्तक खुणेच्या पानावर उघडून खुर्चीत ठेवा, बूट आणि मोजे दाराशी काढून ठेवा, पेनात शाई आहे का ते पाहा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून चार्जिंगला लावा. सकाळचा गजर हे निमित्त असेल तर शंभर-दोनशे रुपयांचे साधे गजराचे घड्याळ आणा. जे काम करायचे त्याच्या वाटेतले अडथळे काढायचे आणि जे टाळायचे त्याच्या वाटेत टाकायचे, एवढाच याचा अर्थ.

पाचवी पायरी : नोंद आणि खाडा

आपल्याकडे स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहिण्याची पद्धत जुनी आहे. ज्या दिवशी दूध आले नाही त्या चौकटीत ‘खाडा’ लिहितात आणि महिनाअखेरीस खाडे वजा करून पैसे देतात. सवयीच्या नोंदीसाठी याहून वेगळे काही लागत नाही. त्याच चौकटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, काम झाले की एक टिंब द्यावे. किती झाले, कसे झाले, याचा मजकूर लिहू नये, कारण लांबलचक नोंद ठेवणे ही स्वतंत्र सवय आहे आणि ती आपण निवडलेली नाही. मोबाइलवरील ॲपही चालेल, परंतु टिंब देण्यासाठी उघडलेला फोन दहा मिनिटांनी खाली ठेवला जातो हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

खाडा पडणारच. प्रश्न खाड्यानंतर काय करायचे हा आहे, आणि त्यासाठी पंचगंगेची मोजपट्टी उपयोगी पडते. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानतात. पाणी ३९ फुटांवर आले म्हणून कोणी घर सोडत नाही, पण सामान माळ्यावर चढवायला लागते. एक खाडा म्हणजे इशारा पातळी. त्या रात्री दुसऱ्या दिवसाची मांडामांड जरा काळजीने करावी आणि विषय सोडून द्यावा. भरपाई म्हणून दुप्पट काम लादून घेऊ नये, कारण ते दुप्पट काम तिसऱ्या दिवसाचा खाडा घेऊन येते. लागोपाठ दुसरा खाडा म्हणजे धोका पातळी. त्या दिवशी बाकी काही राहिले तरी चालेल, पण रात्री पावणेबाराला का होईना, माप पुरे करूनच झोपावे.

एका खाड्याने फारसे बिघडत नाही, याला संशोधनाचाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय निवडायला सांगून बारा आठवडे त्यांची नोंद ठेवली. २०१० साली छापील स्वरूपात आलेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ कोणाच्या बाबतीत १८ दिवस तर कोणाच्या बाबतीत २५४ दिवस असा अंदाज निघाला आणि मधला आकडा ६६ दिवसांचा आला. एखादा दिवस चुकल्याने या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागते ही जी समजूत सर्वत्र ऐकू येते, तिच्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होण्याचे कारण नाही. जेवताना पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. सुरुवात करतानाच तीन महिन्यांची तयारी ठेवावी आणि त्याहून जास्त लागले तर आश्चर्य मानू नये.

सहावी पायरी : दहा दिवसांचे बिल

आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ दूध घातले जाते, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पाहून दर ठरतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. म्हैस रविवार पाळत नाही, त्यामुळे दूध घालणाऱ्याला रोजच्या रोज फायद्या-तोट्याचा विचार करत बसायला सवड नसते. तो विचार बिल हातात आल्यावर होतो. फॅट कमी लागली असेल तर चारा बदलतात, पेंड बदलतात, क्वचित म्हैसही बदलतात. मोठा हिशेब दिवाळीला फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची जादा रक्कम, मिळतो तेव्हा होतो.

ही तीन पदरी व्यवस्था मला सवयीच्या कामी फार उपयोगी वाटत आली आहे. रोज फक्त काम आणि टिंब. दर महिन्याच्या १०, २० आणि अखेरच्या तारखेला दहा मिनिटे काढून बिल: टिंबे किती, खाडे किती, खाडे कोणत्या वारी पडले आणि त्या दिवशी खूण चुकली होती की माप जड झाले होते. आणि वर्षातून एकदा, दिवाळीत, फरक: मुळात हे काम करण्यासारखे होते का?

या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की सवय सोडण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय फक्त बिलाच्या दिवशीच घ्यायचा. सकाळी पाऊस कोसळत असताना, कंबर भरलेली असताना किंवा वरिष्ठांशी खटका उडालेल्या संध्याकाळी ‘हे काही आपल्याला जमणारे नाही’ असे मनात आले, तर त्याला एवढेच सांगायचे की वीस तारखेला बघू. वीस तारीख येईपर्यंत पाऊस उघडलेला असतो.

दहापैकी आठ किंवा अधिक टिंबे असतील तर काही बदलू नये. पाच ते सात असतील तर खूण तपासावी. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. पाचांहून कमी असतील तर माप निम्मे करावे. निम्मे करण्यात कमीपणा वाटतो हे मान्य, पण बिल कमी आले म्हणून दूध घालणे थांबवणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

सातवी पायरी : वाढ, आणि वस्तादाची नजर

तीन बिले सलग चांगली आली, म्हणजे साधारण महिनाभर काम विनासायास होत राहिले, की मगच वाढीचा विचार करावा. वाढवताना माप वाढवावे किंवा कामाची काठिण्यपातळी. दोन्ही एकदम नको. पाच प्रश्नांचे सात करावेत, किंवा पाचच ठेवून अवघड विषयाचे घ्यावेत. एवढे झाले तरी वाईट दिवसासाठीचे मूळ माप कायम राहते. ज्या दिवशी सात जमणार नाहीत त्या दिवशी पाच केले तरी टिंब पूर्ण धरावे.

मात्र नुसत्या पुनरावृत्तीने कोणी तरबेज होत नाही. वीस वर्षे रोज सही करूनही आपले अक्षर सुधारलेले नसते. तालमीत शंभर वेळा मारलेला डाव शंभर वेळा चुकीचा मारला गेला तर ती चूकच अंगात मुरते, म्हणून कडेला वस्ताद उभा असतो आणि पाय कुठे पडला, पकड कुठे सुटली ते सांगत असतो. आठवड्यातून एकदा तरी आपले काम जाणकाराच्या नजरेखालून जाईल अशी सोय करावी. इंग्रजी बोलण्याचा सराव करणाऱ्याने आपले दोन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून कोणाला तरी ऐकवावे. कोणी नसेल तर निदान स्वतः ऐकावे. पहिल्यांदा ऐकताना स्वतःचा आवाज ओळखू येत नाही, आणि मग चुका दिसू लागतात.

फळ केव्हा दिसते?

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. पहिले काही महिने उगवण आणि फुटवे यांतच जातात. बांधावरून पाहणाऱ्याला रान हिरवे दिसते, पण कांडी दिसत नाही. या काळात पाणी, खत आणि भांगलण चुकवली तर नुकसान लगेच कळत नाही, तोडणीच्या वेळी वजनात कळते. रोजच्या सवयीचे फळही याच चालीने येते, आणि म्हणूनच मधल्या काळात फळाकडे पाहून ती टिकवता येत नाही. टिंबांकडे पाहून टिकवावी लागते.

राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला तिथे मॅटवर खेळावे लागले होते. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीत, त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. सहाव्या आणि तिसऱ्या क्रमांकांमधली ती चार वर्षे कोणत्याही वर्तमानपत्रात छापून आलेली नाहीत. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले, ते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आणि ते त्यांचे पहिलेच ऑलिंपिक होते. नेमबाजीच्या या प्रकारात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेम धरायचा असतो. श्वास, खांदा आणि चाप ओढणारे बोट यांची सांगड बसवण्यासाठी नेमबाज गोळी न भरताही सराव करतात आणि तो घरातल्या भिंतीसमोर उभे राहूनही करता येतो.

ही उदाहरणे देताना दुसरी बाजूही सांगायला हवी, अन्यथा सवयीवर नको तेवढा भार पडेल. हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबांना पैसे कमी पडत होते तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. रोजच्या मेहनतीने मल्ल तयार होतो, पण बोटीचे किंवा विमानाचे तिकीट निघत नाही. तुमच्या कामात असे कोणते तिकीट लागणार आहे, परवाना, भांडवल, ओळख की प्रमाणपत्र, याचा शोध दिवाळीच्या हिशेबात घ्यावा आणि ते मिळवण्याचे प्रयत्न सवयीच्या बाहेर, स्वतंत्रपणे करावेत.

मोठा खंड पडला तर

आजारपण, बाळंतपण, बदली, घरातील मृत्यू अशा वेळी दोन खाड्यांचा नियम लागू करू नये. तो रोजच्या दिवसांसाठी आहे. खंड संपल्यावर जिथे सोडले होते तिथून सुरू करण्याचा मोह होतो. दुखापतीतून उठलेला पैलवान जुन्या मेहनतीवर लगेच जात नाही, त्याप्रमाणे आपणही मूळ मापावरूनच, जणू पहिला दिवस आहे असे समजून, सुरुवात करावी. फरक इतकाच की या वेळी वाढ लवकर होते. घर किंवा पाळी बदलली असेल तर खूण आधी नव्याने लिहावी. जुन्या घरातली खिडकीजवळची खुर्ची नव्या घरात नसते आणि तिच्याबरोबर सवयही मागे राहून जाते.

पूर, संचारबंदी यांसारखे प्रसंग सांगून येत नाहीत, म्हणून मापाचाही एक पर्याय आधीच लिहून ठेवावा: नेहमीची जागा उपलब्ध नसेल तर काय? नव्या बुटांचे तिसरे वर्ष फुकट गेल्यावर मी माझे माप ‘कप पालथा घातला की बूट घालून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येणे’ इतके खाली आणले आणि त्याखाली पेन्सिलीने लिहिले, ‘बाहेर जाता आले नाही तर बूट घालून जिना दोनदा चढउतार.’ लिहिताना मला स्वतःलाच हसू आले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबले. त्या महिन्याचे दिनदर्शिकेचे पान मी जपून ठेवले आहे. दुधाच्या कोपऱ्यात ओळीने खाडे लिहिलेले आहेत, आणि समोरच्या कोपऱ्यात, एक चौकट सोडली तर, सगळीकडे टिंब आहे.